चारशे सतरा नंबरचं पाकीट

९ फेब्रुवारी

बारकू,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र न फोडता खणात टाकशील, मला माहीत आहे. टाक, पण खणाला कुलूप लावू नकोस. बारा वर्षं होत आली, मी तुला लिहिलं नाही आणि तू मला लिहिलं नाहीस. आई गेली तेव्हा आलास, शेवटच्या रांगेत उभा राहिलास आणि कुणाशी न बोलता निघून गेलास. तेव्हा मीही म्हटलं, जाऊ दे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि पीळ काय तुझ्या एकट्याच्या वाट्याला आलेला नाही.

एप्रिलअखेर मी निवृत्त होतेय. एकतीस वर्षं त्या तळघरात गेली. खोली तशीच आहे. चार टेबलं, प्रत्येकावर हिरवं कापड, एक मायक्रोस्कोप आणि एक दिवा. खिडकी छताला लागून, त्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त बूट दिसतात. मी बूट बघून माणूस ओळखते असं इथली नवी मंडळी म्हणतात. म्हणू देत, म्हातारीला तेवढाच मान.

मागच्या आठवड्यात फाटकाशी एक बाई पत्रकं वाटत होती. मी रोज अशी पत्रकं घेते आणि कोपऱ्यावर टाकून देते, हे घरी आणलं. वर मोठ्या अक्षरात 'शेवटचा अणुबॉम्ब मोडेपर्यंत' आणि खाली तुमच्या मोहिमेच्या माणसांचा फोटो. डावीकडून तिसरा तू. केस गेले की रे सगळे. स्वेटर मात्र तोच, मी विणलेला तपकिरी. कोपराला ठिगळ दिसतंय. ते तुझ्या बायकोने लावलेलं नसणार, तिला सुई धरता येत नाही.

पत्रकात तुझ्या नावावर एक वाक्य आहे. 'एका माणसाच्या हलगर्जीपणामुळे एक देश बॉम्बपर्यंत पोचला, हे मी अगदी जवळून पाहिलं आहे.' मी ते चारदा वाचलं. टोमणा कळला, बारकू. नाव घातलं नाहीस, तेवढी लाज राखलीस, म्हणून लिहायला बसले.

आज एवढंच. थंडी आहे. छातीला जप.

ताई

२६ फेब्रुवारी

बारकू,

उत्तर नाही. मी धरलेलंच होतं, तरी पोस्टमन येऊन गेला की पेटी दोनदा उघडून बघते.

आता जे लिहिते ते तुला पाठ आहे. तरी लिहिते, कारण उद्या हे तुझ्या पोरीच्या हाती पडलं तर तिला कळायला हवं की तिची आत्या दिवसभर तळघरात काय करायची. सील म्हणजे कोटाच्या गुंडीएवढी पितळेची डबी, झाकण आणि तळ. नंबर तळावर ठोकलेला असतो. झाकणाच्या आतून आम्ही डाखाचा, म्हणजे वितळलेल्या कथलाचा, एक थेंब टाकतो, तो अर्धवट पसरवतो आणि वर सुईने चार-दोन ओरखडे काढतो. तशी नक्षी पुन्हा कुणाला जमत नाही, आमची आम्हालाही नाही. तिचा फोटो काढून ठेवतो. मग तू तेव्हा होतास तसे अणु-तपासणीचे निरीक्षक ते सील घेऊन परदेशी जातात आणि ज्या कोठारातल्या मालाचा बॉम्ब होऊ शकतो त्याच्या दाराच्या तारेत अडकवून येतात. वर्षाने तार कापून सील पाकिटात घालून परत आणतात. आम्ही झाकण फोटोशी ताडून बघतो. जुळलं, तर दाराला कुणी हात लावलेला नाही. जुळलं नाही, तर कुणीतरी मूळ सील काढून दार उघडलं आणि जागेवर नकली बसवलं.

एवढंच काम. आई गुंड्यांच्या कारखान्यात गुंड्या निवडायची, मी सीलं निवडते, असं तूच चेष्टेने म्हणायचास. आठवतं ना, आई डबाभर टाकाऊ गुंड्या घरी आणायची आणि तू त्यातल्या दोन सारख्या लपवून मला शोधायला लावायचास. मी एकदाही चुकले नाही. तू रडून घर डोक्यावर घ्यायचास.

तर बारा वर्षांपूर्वीच्या त्या एप्रिलमध्ये तीनशे ब्याण्णव नंबरचं सील माझ्या टेबलावर आलं आणि मी लिहिलं, 'जुळत नाही'. पाकिटावर निरीक्षकाचं नाव नसतं, फक्त नंबर असतो. ते तू कापून आणलंयस हे मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा कळलं. तू म्हणालास, "ताई, तार शाबूत होती गं. मी हाताने चाचपून बघितली होती." मी म्हणाले, "कागदावर जे आहे ते आहे." आणि फोन ठेवून दिला.

पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे. तो देश म्हणाला, आम्ही दार उघडलेलं नाही. कुणी ऐकलं नाही. ते सील त्यांना दाखवायला नेलं, तर त्यांनी ते ठेवून घेतलं आणि निरीक्षकांना दोन दिवसांत विमानात बसवून परत पाठवलं. नंतर ते अणुकरारातूनच बाहेर पडले. दोन वर्षांनी त्यांच्या डोंगराखाली चाचणी झाली, आणि आता त्यांचा शेजारी म्हणतो, मलाही हवा. तुझी चौकशी झाली. कुणी म्हणालं विकला गेला, कुणी म्हणालं आंधळा आहे. शेवटी तूच कबूल केलंस म्हणे, की बघण्यात चूक झाली असेल. थकून म्हणाला असशील, असं मी समजले.

मी तुझ्या बाजूने उभी राहिले नाही, हा तुझा राग. राहिले असते तर काय झालं असतं सांग. बहिणीने भावासाठी साक्ष द्यायची म्हणजे उंदराला मांजर साक्ष. कुणी विश्वास ठेवला नसता. हे मी बारा वर्षं स्वतःला सांगत आलेय आणि ते खोटंही नाही.

पण ते सगळं नाही. उरलेलं लिहायला हात धजत नाही. बघते.

ताई

१४ मार्च

बारकू,

दोन आठवड्यांत चार कागद फाडले. आज सुट्टी आहे, दुपारची वेळ, दार लावून घेतलंय. सरळ लिहिते.

आमच्या खोलीचा एकच नियम आहे. टेबलावर एका वेळी एकच सील. ते उघडायचं, बघायचं, शिक्का मारायचा, पाकीट बंद करायचं, मगच दुसरं घ्यायचं. भिंतीवर लिहिलेलं आहे आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी तो नियम मीच शिकवते. एकदा एका पोरीने दोन पाकिटं शेजारी ठेवली म्हणून मी तिला सगळ्यांदेखत रडवलं होतं.

त्या दिवशी दोनच पाकिटं उरली होती. तीनशे ब्याण्णव आणि चारशे सतरा. आईच्या डोळ्याची पट्टी त्या संध्याकाळी सोडायची होती, डॉक्टर सहापर्यंतच थांबणार होते आणि पाच दहाची बस चुकली की पुढची पावणेसहाला. मी म्हटलं, एकोणीस वर्षं झाली हे करतेय, मला कोण शिकवणार. दोन्ही उघडली. दोन्ही झाकणं एकाच बशीत स्पिरिटने धुतली आणि कापडावर वाळत ठेवली.

झाकणावर नंबर नसतो, बारकू. नंबर तळावर असतो.

मी एक झाकण उचललं, तीनशे ब्याण्णवच्या फोटोशेजारी धरलं, ते जुळलं नाही. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा खरं नकली सील हाती लागलं. खोटं कशाला सांगू, आनंद झाला. एकोणीस वर्षं 'जुळलं, जुळलं' असा शिक्का मारून माणूस कंटाळतो. शेजारच्या टेबलावरच्या मास्तरांना बोलावलं, कारण न जुळणाऱ्या सीलवर दुसऱ्याची नजर लागते. त्यांनीही बघितलं आणि मान हलवली. ते चूक नव्हते, जे पुढ्यात होतं ते खरंच जुळत नव्हतं. साहेब आले, पाकीट घेऊन धावत वर गेले.

मग मी दुसरं झाकण घेतलं आणि चारशे सतराच्या फोटोशी ताडलं. तेही जुळेना. तीनशे ब्याण्णवचा फोटो अजून टेबलावरच होता. झाकण त्याच्या शेजारी सरकवलं. डाखाचा थेंब, त्याचं वळलेलं टोक, सुईचे तिन्ही ओरखडे, सगळं तंतोतंत जुळलं.

तू आणलेलं सील अस्सल होतं. दार कुणी उघडलं नव्हतं. मी झाकणं अदलाबदल केली होती.

साहेब तेव्हा फोनवर होते. खोलीपासून त्यांच्या दारापर्यंत सोळा पायऱ्या आहेत. चढून जायचं आणि म्हणायचं, 'साहेब, थांबा, माझी चूक झाली.' एवढंच करायचं होतं. मी चारशे सतरावर 'जुळलं' असा शिक्का मारला. जुळणाऱ्यावर दुसऱ्याची नजर लागत नाही. पाकीट चिकटवलं आणि पाच दहाची बस पकडली. म्हटलं, उद्या सांगते. आईची पट्टी सोडली तेव्हा तिने पहिल्यांदा मला बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई, तू एवढी पांढरी का पडलीयेस?" मी म्हणाले, धावत आले. घरी पोचलो तर बातमी लागलेली, आणि मग तुझा फोन.

साक्षीची सबब नंतरची आहे. पहिली सबब एवढीच, की मला लाज वाटली.

आता ऐक, हे महत्त्वाचं. ते चारशे सतराचं पाकीट अजून कोठीत आहे. त्यात तुझं झाकण आहे. शेजारी दोन्ही फोटो आहेत. कुणीही दोन डोळ्यांचा माणूस पाच मिनिटांत सांगेल की तू खरं बोलत होतास. पण बारा वर्षं झाली की जुनी सीलं फोटोसकट भट्टीत जातात, आणि त्या वर्षाचा लॉट या बारा एप्रिलला आहे. कोठीची चावी माझ्याकडेच असते.

ताई

३० मार्च

बारकू,

अजून तुझं उत्तर नाही. तुझी बायको परवा फोनवर भेटली. "पत्रं मिळतात, ते वाचतात, मग गच्चीवर जाऊन बसतात," म्हणाली. म्हणजे खणात टाकत नाहीस. बरं वाटलं.

मी साहेबांना सांगितलं. हे तेव्हाचे साहेब नव्हेत, नवे आहेत, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. दार लावून सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा पाणी प्यायले. मग म्हणाले, "बाई, हे आणखी कुणाला सांगितलंत?"

"माझ्या भावाला. पत्राने."

"तो काय म्हणाला?"

"काहीच नाही."

"शहाणा आहे," साहेब म्हणाले. मग त्यांनी मला जे समजावलं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, कारण त्यासाठीच तू गावोगाव हिंडतोस. तो देश आणि त्याचा शेजारी दोघे बोलणी करायला बसलेत. मेमध्ये सह्या व्हायच्या आहेत. पहिली पायरी, कोठारं पुन्हा सील करायची. दुसरी, माल मोजून बाहेर काढायचा. शेवटची पायरी तुमच्या पत्रकावरची, शेवटचा बॉम्ब मोडायचा. सगळा डोलारा त्या गुंडीएवढ्या पितळेवर उभा आहे. "आज आपण म्हटलं की आपलं सील चुकलं होतं," साहेब म्हणाले, "तर आपल्या सीलवर पुन्हा विश्वास कोण ठेवणार? त्या देशाला तर आयतं कोलीतच मिळेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई."

मी म्हणाले, "आणि माझ्या भावाचं नाव?"

"तुमचा भाऊच तर हा करार मागतोय. त्यालाच विचारा."

मी म्हणाले, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, साहेब." ते हसले. मग म्हणाले, मला पंधरा तारखेपर्यंत विचार करू द्या. मी बरं म्हणाले.

म्हणून तुला विचारते. माणसाने चूक केली आणि ती कबूल करायलाही त्यालाच विचारायचं ज्याचं वाटोळं केलं, हा निर्लज्जपणा आहे, कळतं मला. पण मी दोन्हीकडून बघितलं आणि माझी मती चालेना. बोलले तर तुझं नाव धुऊन निघेल आणि तुझी बारा वर्षांची मेहनत कदाचित पाण्यात जाईल. गप्प बसले तर करार होईल, पण तुझ्या पोरीला शाळेत ऐकावं लागलं ते तसंच राहील. एक कार्ड टाक. 'बोल' किंवा 'गप्प बस', दोनच शब्दांतला एक. बाकी शिव्या घालायच्या असतील तर त्याही घाल, कार्डावर जागा असते.

ताई

१३ एप्रिल

बारकू,

पाकीट गेलं.

तुझं कार्ड आलं नाही, म्हणून असं झालं, असं मी लिहायला घेतलं होतं. ते पान फाडलं. साहेब पंधरा म्हणाले आणि लॉट बाराचा होता. बारा पंधराच्या आधी येतो हे मला त्या खोलीतच कळलं होतं. मी बरं म्हणाले तेव्हा मला हायसं वाटलं. मागच्या पत्रात हे लिहिलं नव्हतं.

भट्टी मागच्या आवारात आहे. दोन माणसं लागतात. कोठीवाला पाकीट उचलून नंबर वाचतो, मी वहीत बघून 'आहे' म्हणते आणि खूण करते, मग तो ते पेटीत टाकतो. काल सकाळी दहाला सुरू केलं. तीनशे ब्याण्णवच्या जागी वहीत लाल शेरा आहे, ते ओलांडून पुढे गेलो. कोठीवाला गप्पा मारत होता, त्याच्या मुलीला नोकरी लागलीय. मी त्याला मुलीबद्दल विचारत होते. खरंच विचारत होते, ऐकत होते.

"चारशे सतरा," तो म्हणाला.

चावी माझ्याच कमरेला होती. पेन माझ्याच हातात होतं. नुसतं 'थांब' म्हटलं असतं तरी तो थांबला असता, एकतीस वर्षांत माझा शब्द त्याने कधी मोडला नाही. मी म्हणाले, "आहे."

तोंडातून आपोआप गेलं म्हणू का? आधीची चारशे म्हणून झाली होती, तसंच हेही. तसं म्हणता येईल. पण मग पेटी भट्टीत जायला आणखी पाऊण तास होता. त्या पाऊण तासात मी चहा घेतला. कोठीवाल्याने साखर जास्त घातली होती.

दुपारी पितळेची लादी थंड करून वजनाला लावली. त्यात तुझं झाकण कुठे असेल ते मी बघत बसले होते. काय दिसणार, डोंबल.

संध्याकाळी घरी आले आणि लगेच साहेबांच्या नावाने, वरच्या कार्यालयाच्या नावाने आणि दोन वर्तमानपत्रांच्या नावाने सगळं लिहून काढलं. तारीख, नंबर, बशी, स्पिरिट, बस. सही केली. आज सकाळी टाकलं. बैल गेला आणि झोपा केला. पण केला तरी, म्हणून तुला कळवते.

ताई

८ मे

बारकू,

तुझं पत्र आलं. चार पानं. पोस्टमनला मी दारातच थांबवून ठेवलं, तुझं अक्षर त्याला दाखवायला. तो बिचारा हो हो म्हणाला.

आधी इकडचं सांगते. चौकशी झाली. तीन माणसं होती, सगळी सभ्य. त्यांनी विचारलं, पुरावा? मी म्हणाले, वितळला. त्यांनी विचारलं, कुणाच्या सहीने? मी म्हणाले, माझ्या. मास्तरांना घरून बोलावलं होतं. त्यांना आता फारसं ऐकू येत नाही. ते म्हणाले, "मी स्वतः बघितलं होतं, जुळत नव्हतं." खरंच बोलले ते. मग त्यांतल्या बाई माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "तीनशे ब्याण्णव नंबरचे निरीक्षक तुमचे सख्खे भाऊ ना?" हो म्हणाले. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. "भावावरची माया आम्ही समजू शकतो," त्या म्हणाल्या, आणि खरंच मायेने म्हणाल्या. मला फुलं देऊन निरोप दिला. निष्कलंक सेवा असं कागदावर लिहिलंय. वर्तमानपत्रांनी छापलं नाही. एकाने फोन केला होता, पण पुरावा नाही म्हटल्यावर ठेवून दिला.

उंदराला मांजर साक्ष. बारा वर्षांपूर्वी मी म्हणायचे तेव्हा पाकीट कोठीत होतं आणि ती म्हण खोटी होती. आता खरी झाली.

सह्याही झाल्या नाहीत. तू वाचलंच असशील. शेजारी देश म्हणाला, आधी त्यांनी मोजून दाखवावं, आणि दोघेही उठून गेले. माझ्या बोलण्याने काही झालं नाही. माझं बोलणं कुणाच्या कानावरही गेलं नव्हतं.

आता तुझं पत्र. मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. तू लिहितोस, "ताई, तुझी पाचही पत्रं मिळाली. तू माझ्यासाठी हे सगळं रचते आहेस, ते बंद कर. मला राग कधीच नव्हता. आईच्या वेळी तुझ्यासमोर यायला तोंड नव्हतं म्हणून मागे उभा राहिलो."

लिहितोस, "पहिले दोन दिवस मी म्हणत होतो की तार शाबूत होती. मग कळलं की सील तू बघितलं होतंस. तेव्हा माझी खात्री पटली. तुझी नजर चुकत नाही, हे मला चड्डीत असल्यापासून माहीत आहे. म्हणजे मीच नीट बघितलं नाही. कुणी तरी तार काढून पुन्हा लावली असणार आणि माझ्या हाताला ते समजलं नाही. चौकशीत मी तेच सांगितलं आणि आईलाही तेच सांगितलं. माझ्या हलगर्जीपणाने तो देश बॉम्बपर्यंत गेला. मी मोहिमेत आलो तो त्यासाठी. दर सभेत मी आधी हेच सांगतो, मग लोकांना सही करायला सांगतो."

म्हणजे पत्रकातला तो माणूस तू होतास. आणि मी टोमणा समजले.

आणि शेवटी लिहितोस, "निवृत्त होताना असं खोटं लिहून आयुष्याची अब्रू घालवू नकोस. तुझा स्वेटर अजून ऊब देतो."

बारकू, मी कशी सांगू तुला. मी खोटं बोलत नाही रे. खोटं बारा वर्षं बोलले आणि सगळ्यांनी मानलं. तूही मानलंस, तूच सगळ्यात जास्त. तू काही चुकला नव्हतास. तार शाबूत होती. तू हाताने चाचपून बघितली होतीस आणि ती शाबूत होती. त्या देशाने दार उघडलेलं नव्हतं, आणि आपण म्हटलं उघडलं, तेव्हा त्यांनी उघडलं. तू सभेत उभा राहून माझं पाप आपल्या डोक्यावर घेतोस. पुन्हा घेऊ नकोस. आई गेली ती तुला दोष देऊन गेली का? दिला नसेल, तिचा स्वभाव नव्हता. पण तुझं म्हणणं खरं मानून गेली, आणि मी तिच्या उशाशी बसून होते.

मी जास्त काही मागत नाही. तू ये. एकदा. आईचा गुंड्यांचा डबा अजून माझ्याकडे आहे, कपाटात वरच्या फळीवर. तू पूर्वीसारख्या दोन सारख्या लपव आणि मला शोधायला लाव. माझ्या एका डोळ्यात आता मोतीबिंदू आहे, दिवा लावला तरी कडा फुटलेल्या दिसतात. याने काही सिद्ध होत नाही, मला कळतं. त्या दिवशी माझे डोळे चांगले होते. पण तू समोर बस आणि एकदा मला चुकताना बघ.

पाच दहाची बस अजून आहे. मी थांब्यावर येईन.

तुझी ताई